वर थंड की खाली? माघ-फाल्गुनातला सह्याद्री

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत निघते आणि उरलीसुरली होळीच्या जाळाबरोबर पळते, असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात. गावात राहणाऱ्याला एवढा हिशेब पुरतो. डोंगरात मात्र माघ-फाल्गुनात थंडी कुठे जात नाही, ती रात्रपाळीला लागते, दिवसपाळी उन्हाळ्याची. सॅक भरताना दोघांचाही विचार करावा लागतो, आणि ट्रेकर नेमके तिथेच चुकतात. स्वेटर घेतात, पाणी कमी घेतात.

पुण्यासारख्या पठारावरच्या गावात फेब्रुवारीच्या शेवटी पहाटे १२-१३ अंश आणि दुपारी ३३-३४ अंश ही नेहमीची गोष्ट. म्हणजे एका दिवसात वीस अंशांची उडी. जुलैत हाच फरक जेमतेम सहा अंशांचा असतो. कारण हवेतली वाफ. जमीन रात्रभर अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकत असते. पावसाळ्यात ढग आणि बाष्प ती अडवतात, बरीचशी परत जमिनीकडे पाठवतात. आता आकाश निरभ्र, हवा कोरडी. उष्णता थेट निघून जाते.

यातून जे होतं ते शाळेत शिकलेल्या नियमाच्या उलटं आहे. ‘उंची वाढली की तापमान उतरतं’ हे दुपारी खरं. रात्री जमिनीला टेकलेली हवा आधी गार होते, गार हवा जड असल्याने उतारावरून ओघळत घळीत, ओढ्याकाठी, पायथ्याच्या खोलगट भागात जाऊन साचते. तिच्या वरची हवा त्यामानाने उबदार राहते. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. कळसूबाईच्या पायथ्याला बारी गावात पहाटे उभं राहिलात तर ती डोळ्यांना दिसते: चुलींचा धूर थोडा सरळ चढतो, घरांच्या जरा वर एका पातळीला अडतो आणि तिथून आडवा पसरत जातो. गार थर तिथे संपला, असं समजायचं.

महाबळेश्वरच्या बातम्यांचा घोळही यातलाच. थंडीच्या लाटेत वेण्णा तलावाच्या जेटीवर आणि लिंगमळ्यातल्या स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरे हिमकण दिसतात, आणि त्याच दिवशी वेधशाळेचा आकडा आठ-दहा अंशांच्या आसपास असतो. मग कोणीतरी वेधशाळेला नावं ठेवतं. आकडा बरोबर असतो आणि हिमकणही खरे असतात. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो आणि तो हवेचं तापमान सांगतो. तलाव सखल जागी, गार हवा उतरून साचते तिथे. शिवाय पान स्वतःच आकाशाकडे उष्णता फेकत असल्याने भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश गार होतं. त्याच्यावरचं दहिवर गोठतं.

तेव्हा मुक्कामाला तंबू लावायचा तर ओढ्याकाठची सपाट, देखणी जागा सोडून सोंडेवर तीस-चाळीस मीटर चढून जावं. पाणी आणायला थोडं लांब पडतं, पण झोप लागते. थेट माथ्यावर मात्र नको, तिथे वारा.

पहाटे माथ्यावरून नजारा स्वच्छ का दिसतो, याचं उत्तरही इथेच आहे. धूळ, धूर, बाष्प सगळं खालच्या त्या गार थरात कोंडलेलं असतं आणि आपण त्याच्या वर. ऊन तापलं की नऊ-दहाच्या सुमाराला हा थर फुटतो, हवा घुसळू लागते आणि खालचं धुरकं वर चढतं. कळसूबाईवरून सात वाजता अलंग-मदन-कुलंग हे किल्ले रेखीव दिसतात, अकराला त्यांच्या नुसत्या फिकट कडा उरतात. फोटोसाठी दुपारपर्यंत थांबणाऱ्याचं मला नवल वाटतं.

आता दिवसपाळी. २१ डिसेंबरला महाराष्ट्राच्या मध्यावर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो. फेब्रुवारी संपताना तो ६२ अंशांवर चढलेला असतो. सपाट जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर पडणारं ऊन यानेच सुमारे एक पंचमांश वाढतं. त्यात कारवी आणि गवत वाळलेलं, झाडांची पानगळ झालेली, पळस-पांगारा फुललेला पण सावली नाही. काळा कातळ मार्चच्या दुपारी ५० अंशांच्या पुढे सहज तापतो. पायथ्याला ३५ अंश असतील तर आठ-नऊशे मीटर वर हवा २७-२८ अंशांची असते. चढणाऱ्याला मात्र ऊन वरून आणि कातळाचा भाजका ताव खालून लागतो. हवा इतकी कोरडी की घाम निथळायच्या आत वाळतो. आपल्याला घाम येतच नाही असं वाटत राहतं, आणि अंगातून तासाला लिटरभर पाणी निघून गेलेलं असतं. गडावरची टाकी यंदा भरलेली असतील या भरवशावर निघू नये.

कोकणातून घाटवाटा चढणाऱ्यांसाठी आणखी एक गोम आहे. या दिवसांत काही वेळा पूर्वेचा वारा जोर धरतो. पठारावरची हवा घाटमाथ्यावरून कोकणात उतरते तशी दाबली जाते आणि दर शंभर मीटरला जवळपास एक अंशाने तापते. लोणावळ्याला ३४ असलेली हवा खाली खोपोलीत ४० ची होऊ शकते. हाच वारा समुद्रावरच्या गार वाऱ्याला दुपारपर्यंत थोपवून धरतो. मुंबईत २८ मार्च १९५६ ला ४१.७ अंशांची नोंद झाली. समुद्राकाठच्या शहरात मार्चमध्ये असा पारा चढतो, तो बहुधा अशाच पुरवैयाच्या दिवशी. पण एक सोय निसर्गानेच केली आहे: सह्याद्रीची भिंत पश्चिमेकडे तोंड करून उभी असल्याने सकाळी कोकणातली वाट कड्याच्या सावलीत असते. नाणेघाटासारखी वाट ती सावली असेतो चढून जावी.

अवकाळीबद्दल थोडक्यात. उत्तरेकडून पश्चिमी झंझावाताचा, म्हणजे भूमध्य समुद्राकडून उत्तर भारतात येणाऱ्या वादळी हवेचा, पसारा खाली आला आणि समुद्रावरून बाष्प मिळालं की तापलेल्या दुपारी ढग उभे राहतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राला दिवसचे दिवस गारपिटीने झोडपलं होतं. वीज चमकल्यावर गडगडाट यायला तीन सेकंद लागले तर ती किलोमीटरभरावर आहे. उघड्या माथ्यावरून उतरायला लागा. एकट्या झाडाखाली नको आणि उथळ कपारीच्या तोंडाशीही नको. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असावं, रेंज असेल तिथे उपयोगी पडतं.

मला या दिवसांत सगळ्यात जास्त भीती वाटते ती वणव्याची. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक जण दगावले. तोही आपलाच पश्चिम घाट. आग चढावर जोरात धावते, कारण ज्वाळा वर झुकलेल्या असतात आणि पुढचं गवत आधीच शेकून पेटायच्या बेतात आणतात. उतार दहा अंशांनी वाढला की वेग जवळपास दुप्पट होतो. त्यातून दुपारी तापलेल्या उतारांवरून वाराही वरच वाहतो. माणसाचा वेग चढावर घटतो, आगीचा वाढतो. म्हणून धूर दिसला तर वर पळू नये आणि घळीत शिरू नये, घळ धुराड्याचं काम करते. आगीच्या बाजूने आडवं निसटावं, उघडा कातळ, नांगरलेलं शेत किंवा वनखात्याची जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) गाठावी. तेही जवळ नसेल आणि आधीच जळून काळा पडलेला पट्टा हाताशी असेल, तर त्यावर जावं. तिथे जळायला काही उरलेलं नसतं.