छत्रीपासून टीव्हीपर्यंतची वायर

पावसाची सर आली की टीव्हीवर चौकोन फुटतात आणि ढगांना शिव्या पडतात. जोरदार पाऊस उपग्रहाच्या लहरी शोषतो, हे खरंच. पण ऊन पडल्यावरही चित्र परतत नसेल, तर गच्चीवरच्या डिशपाशी, म्हणजे छत्रीपाशी, वायरीचा जोड तपासा. डीडी फ्री डिश घेणाऱ्यांनी तर नक्कीच. तिथे महिन्याचं भाडं नाही, तसा दुरुस्तीला धावून येणारा कंपनीचा माणूसही नाही.

छत्रीसमोरचा छोटा डबा, म्हणजे एलएनबी, ११-१२ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पकडतो. त्या तशाच वायरीत सोडल्या तर वाटेतच जिरतील, म्हणून तो त्यांना ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झवर उतरवतो. त्याच वायरीतून उलट दिशेने सेट-टॉप बॉक्स त्याला वीज देतो, १३ किंवा १८ व्होल्ट. हा नुसता पुरवठा नाही, निरोपही आहे : १३ आले की उभ्या ध्रुवणाच्या, म्हणजे उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या, लहरी घ्यायच्या, १८ आले की आडव्या. गंजलेल्या जोडात १८ चे १४ झाले की काही चॅनेल तेवढे गायब होतात आणि आपण रिमोटवर राग काढतो.

वायर ७५ ओहमची आरजी-६ घ्यावी. वरच्या वारंवारतेला तिच्या ३० मीटरमध्ये साधारण ९ डेसिबल गळतात, म्हणजे ताकद आठवा हिस्सा उरते. एलएनबी आधीच ती भरपूर वाढवत असल्याने एवढं चालतं. जुन्या अँटेनाची बारीक वायर मात्र याहून जास्त खाते. दुकानदार ‘प्युअर कॉपर’ म्हणाला तर आतल्या तारेला चुंबक लावा. चिकटलं तर आत पोलाद आहे. लहरींना त्याने फरक पडत नाही, त्या तांब्याच्या काही मायक्रॉनच्या सालीतूनच धावतात. वीज मात्र पूर्ण तारेतून जाते, म्हणून लांब पल्ल्याला भरीव तांबंच बरं.

वायरीच्या टोकाला बसणाऱ्या एफ कनेक्टरला स्वतःची पिन नसते, वायरीची मधली तारच पिन होते. तिच्याभोवतीच्या धातूच्या जाळीचा एक केस तिला टेकला की शॉर्ट. पाणी शिरलं तर जाळीवाटे पार आत उतरतं. म्हणून एलएनबीपाशी वायरीला खाली लोंबणारा वळसा द्या. पाणी तिथूनच ठिबकून जातं.

बॉक्सपासून टीव्हीपर्यंतच्या महागड्या एचडीएमआय वायरीवर पैसे घालू नका. दीड मीटरला साधीही चालते. दुसऱ्या टीव्हीसाठी मात्र एका वायरीच्या दोन करणारा केबलवाल्याचा स्प्लिटर नको : एक बॉक्स १३ मागणार, दुसरा १८, आणि एलएनबी एकाचंच ऐकणार. दोन तोंडांचा एलएनबी बसवून दुसरी वायर ओढावी लागते.