लॉकडाउन सराव (अमेरिकी शाळा)

शाळेत बंदूकधारी शिरलाच तर जीव कसा वाचवायचा, याची मुलांकडून करून घेतली जाणारी तालीम. मराठी माणसाला ‘लॉकडाउन’ म्हटले की २०२० सालचा करोनाकाळ आठवतो. अमेरिकेतल्या पहिलीच्या मुलाला मात्र हा शब्द वर्गात बसूनच कळतो.

सूचना येताच शिक्षिका दार आतून बंद करतात, दिवे मालवतात, दाराची काच झाकतात. मुले काचेतून दिसणार नाहीत अशा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसतात, हूं की चूं न करता. बाहेरून कोणी दाराची मूठ हलवून पाहिली तरी ते उघडायचे नसते. न्यू जर्सीत, जिथे बरीच मराठी कुटुंबे राहतात, आगीच्या सरावाबरोबर असा एखादा सुरक्षा सरावही शाळांनी दरमहा घ्यावा असा कायदा आहे.

२० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी १२ मुलांचा आणि एका शिक्षकाचा जीव घेतला. त्यानंतर हे सराव देशभर पसरले. २०१२ मध्ये कनेटिकटमधील सँडी हुक शाळेत २० चिमुरडी आणि सहा मोठी माणसे मारली गेली, तेव्हा नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूक-समर्थकांच्या संघटनेने प्रत्येक शाळेत सशस्त्र पहारा मागितला. पण २०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेत गोळीबार चालू असताना शाळेचा सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेरच थांबला, आणि २०२२ मध्ये टेक्सासमधील युवाल्डीच्या शाळेत बंदूकधारी वर्गात असताना पोलीस ७७ मिनिटे खोळंबले. तिथे १९ मुले व दोन शिक्षिका गेल्या. पहाऱ्याच्या भरवशावर राहता येत नाही, हे यातून दिसते.

खोट्या गोळीबाराचे नाट्य घडवून घेतलेल्या सरावांनी मुले भेदरतात, म्हणून ते थांबवावेत अशी मागणी दोन मोठ्या शिक्षक संघटनांनी २०२० मध्ये केली. ती रास्तच होती. मात्र वाद कुलपे, कॅमेरे, पहारेकरी यांतच अडकला आणि हल्ल्याआधीच्या दिवसांकडे दुर्लक्ष झाले. राष्ट्राध्यक्षांचे संरक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिस या सरकारी यंत्रणेच्या अभ्यासांत आढळले की बहुतेक हल्लेखोरांचा बेत आधीच कुणालातरी ठाऊक होता आणि बंदूक बहुधा घरातूनच आली होती.

मिशिगनमधील ऑक्सफर्डची घटना याच बाबतीत चटका लावते. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका मुलाने गणिताच्या कागदावर बंदूक आणि रक्ताचे चित्र काढलेले शिक्षिकेने पाहिले. आईवडिलांना बोलावले गेले, पण त्यांनी त्याला घरी नेले नाही. तो वर्गात परतला. दप्तर कोणी उघडले नाही. त्यात वडिलांनी चारच दिवसांपूर्वी घेतलेले पिस्तूल होते. चार विद्यार्थी मारले गेले. २०२४ मध्ये त्या आईवडिलांना मनुष्यवधाबद्दल तुरुंगवास झाला.