लीव्हाय स्टब्ज, फोर टॉप्सचा लीड सिंगर

लीव्हाय स्टब्ज (जन्म ६ जून १९३६, मृत्यू १७ ऑक्टोबर २००८, दोन्ही डेट्रॉइट) हा अमेरिकेतल्या फोर टॉप्स या सोल (चर्चमधल्या गॉस्पेल गाण्यातून आलेलं काळ्या अमेरिकनांचं संगीत) गाणाऱ्या ग्रुपचा लीड सिंगर. मूळ आडनाव स्टबल्स. मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीचं नाव घेतलं की लोकांना डायना रॉस, मार्व्हिन गे, स्टीव्ही वंडर पटापट आठवतात आणि लीव्हायचं नाव बऱ्याच जणांना माहीतच नसतं, गाणी मात्र कुठे ना कुठे ऐकलेली असतात. त्याने स्वतःचं नाव ग्रुपच्या पुढे कधी लावूच दिलं नाही, त्यामुळे हे असं झालं. सोल ग्रुपमधल्या लीड सिंगरचं करिअर बहुतेक वेळा एकाच वळणाने जातं, आधी ग्रुप गाजतो, मग लीडचं नाव वेगळं छापायला लागतात, मग तो सोलो जातो. सुप्रीम्सची डायना रॉस तशीच गेली, मोटाउनच्याच टेम्प्टेशन्स या ग्रुपमधल्या डेव्हिड रफिनला नाव पुढे लावायच्या भांडणात ग्रुपने काढलं, नंतर ब्लू नोट्सचा टेडी पेंडरग्रासही सोलो गेला. लीव्हाय गेला नाही, आणि माझ्या मते त्याच्या करिअरमधली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

ग्रुप जमला १९५३-५४ च्या सुमाराला. लीव्हाय आणि अब्दुल 'ड्यूक' फकीर पर्शिंग हायस्कूलचे, रेनाल्डो 'ओबी' बेन्सन आणि लॉरेन्स पेटन नॉर्दर्न हायस्कूलचे. एका पार्टीत चौघं एकत्र गायले, लीव्हायने सुरुवात केली आणि बाकीचे तिघं आपापल्या सुरात असे जाऊन बसले की ग्रुप तिथेच ठरला. (फकीर हे आडनाव बघून आपल्याकडच्या वाचकाला प्रश्न पडतोच, तर ड्यूकचे वडील पूर्व बंगालातून अमेरिकेत गेलेले होते.) पहिलं नाव फोर एम्स, पण तेव्हा एम्स ब्रदर्स नावाचा ग्रुप आधीच चालत होता, म्हणून १९५६ मध्ये चेस या रेकॉर्ड कंपनीशी करार करताना फोर टॉप्स झालं. पुढची सात-आठ वर्षं हिट एकही नाही. चेस, मग कोलंबिया, रिव्हरसाइड, कंपन्या बदलत राहिल्या आणि पोट भरलं ते क्लबमध्ये जॅझ आणि जुनी गाणी गाऊन. बिली एकस्टाइनसारख्या मुरलेल्या गायकाबरोबर त्यांनी टूर केल्या, त्यामुळे १९६३ मध्ये बेरी गॉर्डीच्या मोटाउनमध्ये आले तेव्हा ते काही पोरंटोरं नव्हती, स्टेजवर तयार झालेले गायक होते. मोटाउनने सुद्धा आधी त्यांच्याकडून जॅझचाच अल्बम करून घेतला आणि तो तसाच ठेवून दिला, बाहेर आला १९९९ मध्ये.

खरी सुरुवात १९६४ ची, जेव्हा हॉलंड-डोझिअर-हॉलंड या तिघा गीतकार-संगीतकारांकडे एक तयार ट्रॅक पडून होता आणि तो कोणाला द्यायचा ते ठरत नव्हतं. एका रात्री क्लबमधला टेम्प्टेशन्सचा शो संपल्यावर चौघांना तिथूनच स्टुडिओत नेलं आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर गाणं रेकॉर्ड केलं. 'बेबी आय नीड युअर लव्हिंग' अमेरिकेच्या पॉप चार्टवर अकराव्या नंबरपर्यंत गेलं. पुढच्या वर्षी 'आय कान्ट हेल्प मायसेल्फ' थेट पहिल्या नंबरवर. ते चालतंय बघून कोलंबियाने त्यांची जुनी रेकॉर्ड परत बाजारात आणायचं ठरवलं, मोटाउनला याची कुणकुण लागली आणि साधारण चोवीस तासांत नवीन गाणं लिहून, रेकॉर्ड करून, त्याच्या तबकड्या बनवून बाहेर काढलं. ते 'इट्स द सेम ओल्ड साँग', आणि एवढ्या घाईत केलेलं गाणं पाचव्या नंबरवर गेलं.

आता आवाजाबद्दल, कारण या माणसाबद्दल लिहायचं आणि पट्टीबद्दल बोलायचं नाही असं होऊच शकत नाही. लीव्हायचा आवाज बॅरिटोन, म्हणजे खालच्या आणि मधल्या सुरांत आरामात बसणारा. सोल ग्रुपमध्ये लीड बहुतेक टेनरकडे, म्हणजे वरच्या सुरांत गाणाऱ्या पुरुष आवाजाकडे असायचा, इथे उलटं होतं. हॉलंड-डोझिअर-हॉलंडनी केलं काय, तर गाण्याची पट्टी मुद्दाम वर चढवली, म्हणजे त्याला सोयीच्या जागेत बसून गाताच येणार नाही, टिपेचा सूर गाठायला जीव लावावा लागेल. त्यातून ती आर्जवं येतात, तो फाटायच्या बेताला आलेला पण न फाटणारा आवाज. मागे पेटनने बसवलेली ग्रुपची हार्मनी, अँडँटेस या तीन बायकांचे वरचे सूर, फंक ब्रदर्स ही मोटाउनच्या स्टुडिओतली वाजवणारी मंडळी आणि जेम्स जेमर्सनचा बेस, हे सगळं एकदम घट्ट विणलेलं, आणि त्याच्या मधोमध हा एकटा माणूस गयावया करतोय.

१९६६ चं 'रीच आउट आय'ल बी देअर' याचा कळस. त्या काळात बॉब डिलनच्या अर्धं बोलायचं अर्धं गायचं या पद्धतीचा प्रभाव होता आणि लॅमाँट डोझिअरला लीव्हायकडून तसंच ओरडून बोलल्यासारखं गाणं हवं होतं. ग्रुपला हा प्रयोग वाटला, हे सिंगल म्हणून काढू नका असं ते गॉर्डींना सांगत होते, गॉर्डींनी काढलंच आणि ते अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दोन्हीकडे पहिल्या नंबरवर गेलं. १९६७ मध्ये 'बर्नडेट' आलं. त्यात शेवटाकडे एक जागा आहे, वाद्यं थांबतात, कोरसचा सूर लांबत जातो, ऐकणाऱ्याला वाटतं संपलं गाणं, आणि तेवढ्यात लीव्हाय तिच्या नावाने हाक मारतो आणि सगळं परत सुरू होतं. त्या एका हाकेसाठी मी हे गाणं कोणालाही ऐकवायला तयार आहे.

१९६७ च्या शेवटी हॉलंड-डोझिअर-हॉलंड पैशांच्या वादातून मोटाउनपासून तुटले आणि फोर टॉप्सच्या हिट कमी झाल्या. त्याच सुमाराला सुप्रीम्सचं 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' झालं होतं, म्हणजे लीडचं नाव पुढे लावायची पद्धत घरातच सुरू झालेली, तरी इथे नाव फोर टॉप्सच राहिलं. (ओबी बेन्सनने याच काळात एक गाणं लिहायला घेतलं, ग्रुपला ते निषेधाचं वाटलं म्हणून नको म्हणाले, मग ते मार्व्हिन गेकडे गेलं आणि 'व्हॉट्स गोइंग ऑन' झालं.) १९७२ मध्ये मोटाउनने बाड-बिस्तरा लॉस एंजेलिसला हलवला, हे डेट्रॉइटमध्येच थांबले आणि डनहिल कंपनीकडे गेले. तिथलं 'एन्ट नो वुमन' १९७३ मध्ये चौथ्या नंबरवर गेलं. 'बर्नडेट' ऐकून लगेच हे लावलं तर कळतं की लीव्हायला सोयीची पट्टी मिळाली की तो किती निवांत, किती गोड गातो. १९८१ मध्ये 'व्हेन शी वॉज माय गर्ल' आर अँड बी, म्हणजे काळ्या श्रोत्यांच्या संगीताच्या चार्टवर पहिलं आलं.

एकट्याने केलेलं मोठं काम म्हणजे १९८६ चा फ्रँक ऑझचा 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' हा सिनेमा. त्यात माणसं खाणाऱ्या ऑड्री टू या झाडाला लीव्हायचा आवाज आहे, आणि त्याने गायलेल्या 'मीन ग्रीन मदर फ्रॉम आउटर स्पेस'ला ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं. त्याच वर्षी इंग्लंडच्या बिली ब्रॅगने 'लीव्हाय स्टब्ज टिअर्स' नावाचं गाणं काढलं, त्यातली एकटी पडलेली बाई फोर टॉप्सच्या कॅसेटच्या आधाराने दिवस काढते. १९९० मध्ये ग्रुप रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेला.

१९९७ मध्ये लॉरेन्स पेटन कॅन्सरने गेला तोपर्यंत हेच चौघं गात होते, चाळीस वर्षांहून जास्त काळ, मधे कोणी गेलं नाही की आलं नाही. पेटननंतर उरलेले तिघं काही दिवस नुसतं 'टॉप्स' या नावाने उभे राहिले, मग टेम्प्टेशन्समधून बाहेर पडलेला थिओ पीपल्स आला. लीव्हायला आधी कॅन्सर आणि २००० मध्ये स्ट्रोक, त्यानंतर त्याच्या टूर बंद झाल्या आणि लीड पीपल्सकडे गेला. २००४ मध्ये ग्रुपच्या पन्नाशीच्या कार्यक्रमात डेट्रॉइटमध्ये लीव्हाय व्हीलचेअरवरून स्टेजवर आला. पत्नी क्लाइनीसशी लग्न १९६० चं, ते शेवटपर्यंत टिकलं, पाच मुलं. २००५ मध्ये बेन्सन गेला, २००८ मध्ये लीव्हाय झोपेतच गेला. फकीर जुलै २०२४ मध्ये वारला, आणि आता ग्रुपमध्ये पेटनचा मुलगा गातो.