युद्धसंग्रहालयाच्या संशोधन कक्षात काय सापडते: इम्पीरियल वॉर म्युझियमची पार्श्वभूमी

लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडे पणजोबांच्या लष्करी सेवेची नोंद मागणारे पुष्कळ असतात. ती नोंद तिथे नसते. हे समजायला संग्रह कसा जमत गेला ते पाहावे लागते.

पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, मार्च १९१७ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाने मंत्री सर आल्फ्रेड माँड यांचा राष्ट्रीय युद्धसंग्रहालयाचा प्रस्ताव मंजूर केला. भारत आणि इतर वसाहतींचा युद्धातला वाटा ध्यानात घेऊन पुढे नावात ‘इम्पीरियल’ आले. सरकारी दफ्तर सांभाळणे हे या संस्थेचे काम नव्हतेच. तिने वस्तू, छायाचित्रे, चित्रे आणि फिल्म गोळा केल्या, मृत सैनिकांची छायाचित्रे त्यांच्या घरच्यांकडून मागवली. युद्धातल्या स्त्रियांच्या कामासाठी वेगळी उपसमिती नेमली. या उपसमितीने जमवलेला संग्रह आजही अतिशय मोलाचा आहे. १९२० मध्ये क्रिस्टल पॅलेस, १९२४ मध्ये साउथ केन्सिंग्टन आणि १९३६ मध्ये लॅम्बेथ रोडवरची जुन्या मनोरुग्णालयाची इमारत, असा संग्रहालयाचा प्रवास झाला. दुसरे महायुद्ध आणि नंतरचे संघर्ष पुढे कार्यकक्षेत आले, १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित मुलाखतींचा विभाग सुरू झाला.

सैन्याचे दफ्तर वॉर ऑफिसकडे, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या लष्कर खात्याकडे राहिले. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात त्याच्या गोदामाला आग लागली आणि पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांच्या निम्म्याहून जास्त सेवानोंदी जळाल्या. वाचलेले, कडा करपलेले कागद लंडनमधल्या क्यू या भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘डब्ल्यूओ ३६३’ (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस) या मालिकेत आहेत. पलटणींच्या युद्ध-दैनंदिन्या ‘डब्ल्यूओ ९५’ मध्ये. भारतीय सैन्यासाठी ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याचे दफ्तर पाहावे. फ्रान्समधून भारतीय शिपायांनी लिहिलेल्या पत्रांचे सेन्सॉरने केलेले इंग्रजी उतारे तिथेच आहेत.

मग म्युझियमच्या संशोधन कक्षात काय पाहायचे? खासगी पत्रे, रोजनिश्या, आठवणी. उदाहरणार्थ, आजच्या इराकमधल्या कूत इथे १९१५-१६ मध्ये तुर्कांनी ब्रिटिश-भारतीय फौजेला घातलेल्या वेढ्यात काय खाल्ले गेले, कोणाला कोणता आजार झाला, हे अधिकाऱ्यांच्या पत्रांत आणि रोजनिश्यांत शोधावे. इथे एक अडचण येते. साध्या शिपायांचे स्वतःचे लेखन फार थोडे उरले आहे, त्यामुळे मराठा पलटणींबद्दलची माहिती बहुधा गोऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेतून मिळते. ती तशीच वाचावी. शोधताना पलटणीचे त्या वर्षीचे नाव टाकावे: कूतमध्ये लढलेली १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री १९२२ च्या पुनर्रचनेनंतर ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली. नवे नाव घालून १९१६ चे कागद शोधले तर हाती काही लागत नाही. छायाचित्रांच्या क्रमांकातली अक्षरेही बोलकी आहेत. पहिल्या महायुद्धाचे सरकारी फोटो बहुतांशी ‘क्यू’ (Q) या इंग्रजी अक्षराने सुरू होतात; दुसऱ्या महायुद्धात इटलीतले ‘एनए’ आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचे ‘एसई’.

कक्षात थेट जाऊन कागद मिळत नाहीत. आधी ऑनलाइन सूचीतून क्रमांक टिपून वेळ ठरवावी लागते. वस्तू वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेल्या असल्याने त्या आणायला अवधी लागतो. टेबलावर शिसपेन्सिल चालते, शाईचे पेन नाही, कारण शाईचा डाग कागदावरून निघत नाही. कागद स्वच्छ, कोरड्या हातांनीच उलटावेत. हातमोज्यात बोटांची जाण कमी होते आणि ठिसूळ कडा फाटते. छायाचित्रांचे उलट असते, घामातल्या क्षारांनी त्यांचा पृष्ठभाग बिघडतो, म्हणून तिथे हातमोजे लागतात.

अभ्यासासाठी फोटो काढता आला म्हणजे छापण्याचा हक्क मिळाला असे होत नाही. पत्र संग्रहालयाकडे असले तरी मजकुराचा स्वामित्वहक्क सहसा लिहिणाऱ्याच्या वारसांकडे राहतो. ब्रिटिश कायद्याप्रमाणे लेखक १९६९ पूर्वी वारला असेल आणि मजकूर ऑगस्ट १९८९ पर्यंत अप्रकाशित असेल, तर हा हक्क २०३९ च्या अखेरीपर्यंत टिकतो. म्हणून १९१६ सालच्या पत्रासाठीसुद्धा वारसाचा शोध घ्यावा लागतो, आणि संग्रहालयाच्या फाइलमधला देणगीदाराचा पत्ता अनेकदा जुना झालेला असतो. पुस्तकाचे काम हाती घेतल्याबरोबर हा पत्रव्यवहार सुरू करावा.