घरी बांधलेल्या आरसी (रिमोट कंट्रोल) विमानाची नोंदणी: सूट आहे, पण कशातून?

‘मॉडेलला सूट आहे’ एवढं ऐकून बरेच जण नोंदणीच करत नाहीत. ड्रोन नियम २०२१ मधली ही सूट टाइप सर्टिफिकेटपुरती, म्हणजे ड्रोनच्या बनावटीला मिळणाऱ्या सरकारी मान्यतेपुरती आहे. नोंदणी करून यूआयएन, म्हणजे विमानाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, घ्यावाच लागतो. त्यासाठी सरकारी पोर्टलवर फॉर्म डी-२ भरायचा, शुल्क १०० रुपये.

आधी आपलं विमान नियमाच्या भाषेत ‘मॉडेल’ आहे का ते बघा. सगळं धरून वजन २५ किलोपर्यंत, वापर फक्त छंद, शिक्षण, संशोधन, डिझाइन किंवा चाचणीसाठी, आणि उड्डाण नजरेच्या टप्प्यात. पैसे घेऊन चित्रण केलंत की ही सूट गेली.

खरी अडचण अनुक्रमांकांची. यूआयएन हा विमान, फ्लाइट कंट्रोल मॉड्यूल (उड्डाण सांभाळणारा आतला इलेक्ट्रॉनिक भाग) आणि रिमोट यांच्या अनुक्रमांकांशी जोडलेला असतो. हा नियम कारखान्यातला ड्रोन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. बाल्साचं हलकं लाकूड कापून विमान बांधणाऱ्याचा विचार त्यात फारसा दिसत नाही. म्हणून कळकळीने सांगतो, फ्यूजलाज (विमानाचा मधला सांगाडा) बंद करण्याआधी आतल्या प्रत्येक भागावरचा क्रमांक लिहून घ्या, फोटो काढा, बिलं जपा. नाहीतर नंतर क्रमांकासाठी वरचं कव्हरिंग फाडायची वेळ येते. क्रॅशनंतर फ्लाइट कंट्रोल मॉड्यूल किंवा रिमोट बदललात, तर नवा क्रमांकही पोर्टलवर चढवावा लागतो. हे हमखास राहून जातं.

दुसरा घोळ वजनाचा. छंदासाठी २ किलोपर्यंत रिमोट पायलट प्रमाणपत्र (ड्रोन उडवण्याचा परवाना) लागत नाही. पण हे वजन बॅटरी आणि इंधनासकट मोजायचं. ४० साइझचं ग्लो (इंधनावर चालणारं छोटं) इंजिन असलेलं ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीचं विमान, सहज २ किलोंच्या वर जातं. मग वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, हे सगळं आलं. शाळकरी मुलांसाठी बांधत असाल तर विमान हलकंच ठेवा.

या रिमोट पायलट प्रमाणपत्रासाठी पासपोर्ट नाही म्हणून कित्येक जण अर्जच करत नाहीत. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. कुणी अजून पासपोर्टच मागत असेल, तर दुरुस्तीची प्रत समोर ठेवा.

मैदान ठरवताना डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा उघडा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते, आणि ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच परवानगी लागते.