गाडीची बॅटरी मरते मे महिन्यात, कळतं मात्र जानेवारीत

डिसेंबर संपत आला की ग्वाल्हेरला सकाळी हा आवाज ठरलेलाच, लष्कर भागातली गल्ली असो की मुरार, कुठल्यातरी गाडीचा सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) घर्र... घर्र... करत रेंगाळतो आणि मग नुसतं टक-टक-टक. शेजारचे भाईसाब मफलर गुंडाळून बाहेर येतात आणि बोनेट उघडायच्या आधीच निकाल देतात, "ठंड में बैठ गई बैटरी." अर्धं खरं आहे ते. थंडीने ती फक्त उघडी पडली, तिचा खरा घात झाला तो मे-जूनमध्ये, जेव्हा इथे पारा 45 च्या पुढे जातो आणि लू मधून आल्यावर बंद केलेल्या बोनेटखाली तर त्याहूनही जास्त तापलेलं असतं.

का ते समजायला आत काय चालतं ते बघू. गाडीच्या बॅटरीचं तत्त्व आजही तेच आहे जे 1859 मध्ये गास्ताँ प्लांते या फ्रेंच माणसाने शोधलं. शिशाच्या प्लेटा आणि सल्फ्युरिक अॅसिड, बस्स. अशा सहा खोल्या एकामागे एक जोडलेल्या, प्रत्येकीचे साधारण 2.1 व्होल्ट, म्हणून पूर्ण चार्ज बॅटरी 12 नाही तर 12.6 दाखवते. करंट घेताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि अॅसिड पातळ होत जातं, चार्जिंगला हेच उलटं होतं. बॅटरी बरेच दिवस अर्धवट चार्ज राहिली की ते सल्फेट कडक होऊन बसतं आणि मग चार्जरलाही दाद देत नाही.

रासायनिक क्रियांचा एक ढोबळ हिशोब आहे, दर 10 अंश वाढले की वेग साधारण दुप्पट. चांगल्या क्रिया जशा वेगाने होतात तशा वाईटही. उन्हाळ्यात पॉझिटिव्ह प्लेटची जाळी भराभर गंजते, पाणी उडतं, बॅटरी उभ्या-उभ्या स्वतःच डिस्चार्ज होते. पण तेव्हा पत्ता लागत नाही, कारण उष्णतेत करंट सहज मिळतो आणि इंजिन ऑइलही पातळ असतं, त्यामुळे अर्धी मेलेली बॅटरीसुद्धा एका चावीत गाडी चालू करून देते आणि आपण खुश. जानेवारीत पहाटे पारा 5 च्या खाली गेला की दोन्ही बाजूंनी मार पडतो. 0 अंशाच्या आसपास बॅटरीची ताकद पाचव्या हिश्श्याने तरी घटते आणि तिकडे ऑइल गारठलेल्या तुपासारखं जड झालेलं, म्हणजे सेल्फला जास्त जोर हवा आणि देणारी कमजोर. नवी बॅटरी हे सहज सोसते. उन्हाने आतून खाल्लेली नाही सोसत.

ग्वाल्हेरात याला अजून एक मजेशीर कारण आहे असं मला वाटतं, आपला व्यापार मेळा. 1905 पासून चालत आलेला हा मेळा थंडीत भरतो आणि सरकारने रोड टॅक्समध्ये सूट दिली की अर्धं गाव गाडी घ्यायला तिथेच धावतं. म्हणजे एकाच हंगामात घेतलेल्या गाड्या, एकाच वयाच्या बॅटऱ्या. त्या तीन-चार उन्हाळे खाऊन एकदमच म्हाताऱ्या होणार, मग बॅटरीवाल्याकडे जानेवारीत रांग लागली तर नवल काय.

आता निदान. मेकॅनिकला फोन करण्याआधी कान आणि हेडलाइट एवढ्यावर बरंच कळतं. हेडलाइट लावा, चावी फिरवा आणि दिव्यांकडे बघत राहा. दिवे एकदम मंदावले आणि भराभर टकटक ऐकू आली तर सेल्फचा स्विच चिकटायला बघतोय पण व्होल्टेज पडतंय म्हणून सुटतोय, दोष बॅटरीचा नाहीतर टर्मिनलचा, म्हणजे वायर जोडतात त्या टोकाचा. एकच जोरात "टक" आणि मग शांतता, दिवे मात्र जवळजवळ तसेच, तर सेल्फ मोटर किंवा तिच्या स्विचकडे बघा. काहीच आवाज नाही, दिवे झगझगीत, तर चावीचा स्विच, रिले किंवा बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये क्लच पूर्ण दाबलाय का तेच, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी किंवा एन वर आहे का (हसू नका, रोज कोणीतरी टोइंगवाल्याला बोलावून हेच ऐकतो). आणि इंजिन मस्त जोरात फिरतंय पण पकडत नाहीये, तर बॅटरीला दोष देऊच नका, पेट्रोल, स्पार्क किंवा इमोबिलायझरचा (चावी ओळखली नाही तर गाडी चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेचा) मामला आहे, मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकतंय का ते बघा.

इथे एक प्रश्न हमखास येतो, "दिवे लागतायत, हॉर्न वाजतोय, मग बॅटरी खराब कशी?" याचं उत्तर शाळेतल्या ओहमच्या नियमात आहे, अडथळ्यात जाणारे व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले ओहम. दोन्ही हेडलाइटचे साधे बल्ब मिळून साधारण 10 अँपिअर घेतात, सेल्फ छोट्या पेट्रोल गाडीतही शंभर-दीडशे, डिझेलला अजून बरेच. समजा टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा जमलाय आणि त्यामुळे मधे फक्त 0.02 ओहमचा अडथळा आलाय. हेडलाइटच्या 10 अँपिअरला तिथे 0.2 व्होल्ट जातील, डोळ्यालाही कळणार नाही. सेल्फच्या 150 अँपिअरला मात्र 3 व्होल्ट तिथेच खलास, मोटरला उरलं काय? बॅटरी नवी असली तरी हेच होणार. म्हणून पहिलं काम टर्मिनल हाताने हलवून बघणं, हललं तर ढिलं आहे. भुगा असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओता, फेस येऊन निघून जातो, मग पुसून, घट्ट करून वर थोडं व्हॅसलीन. सोडताना आधी काळी (निगेटिव्ह) वायर सोडायची आणि लावताना ती शेवटी, नाहीतर पाना लाल टर्मिनल आणि बॉडी दोन्हीला लागला की ठिणग्यांची दिवाळी.

साधा मल्टीमीटर घरात ठेवा, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी लावा, 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना कोणाला तरी बघायला सांगा, 9.6 च्या खाली गेली तर ती म्हातारी झालीये, सकाळी 12.6 दाखवत असली तरी. इंजिन चालू झाल्यावर साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवं, तेवढं दिसलं तर इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, ज्याला आपले जुने मिस्त्री अजून डायनामो म्हणतात, काम करतोय. काही नव्या गाड्या पेट्रोल वाचवायला मुद्दाम चार्जिंग कमी करतात, तिथे एखाद्या वेळी आकडा खाली दिसला म्हणून घाबरू नका, दिवे-ब्लोअर लावून परत बघा. 15 च्या वर जात असेल आणि सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडून बॅटरी उकळतेय, ताबडतोब दाखवा. बॅटरीवरच्या चार्ज दाखवणाऱ्या हिरव्या डोळ्यावर मात्र फार विसंबू नका, तो सहापैकी एकाच खोलीचं सांगतो.

जुनी मंडळी एक युक्ती सांगतात, इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, गाडी बंद पडली तर डायनामो खराब. कार्ब्युरेटरच्या जमान्यात चालून जायचं. आजच्या गाडीत अजिबात करू नका, व्होल्टेजचा झटका बसून कंप्युटर जळू शकतो आणि तो बॅटरीच्या कित्येक पट महाग.

"मी फक्त जवळच महाराज बाड्यापर्यंत जातो, रोज सेल्फ मारून-मारून बॅटरी संपते" हेही नेहमी ऐकू येतं. हिशोब करून बघा. 150 अँपिअर दोन सेकंद म्हणजे 300 अँपिअर-सेकंद, तासात मोजलं तर 0.1 अँपिअर-तासही नाही आणि छोट्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची असते. सेल्फ फार कमी खातो. त्रास दुसरीकडे आहे. धुक्यात हेडलाइट, मागच्या काचेची हीटर, ब्लोअर सगळं चालू, गाडी गर्दीत आयडलवर, मग अल्टरनेटरचं कमावलेलं तिथेच खर्च होतं आणि बॅटरीला शिल्लक थोडीच उरते. आणि उभी गाडीही खाते बरं का. अलार्म, घड्याळ, कंप्युटर मिळून 50 मिलीअँपिअर धरले तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास, दहा दिवस पुण्याला लग्नाला जाऊन आलात की 35 मधले 12 गेले, त्यात बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस असेल तर अजून. लांब जायचं असेल तर काळी वायर काढून ठेवा.

बॅटरी बसलीच तर जंपर वायर. लाल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला, काळी चांगलीच्या मायनसला आणि शेवटचा चिमटा बसलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या चिमट्याला ठिणगी उडतेच, ती त्या वायूजवळ नको. धक्का मारून चालू करणं फक्त मॅन्युअल गिअरमध्ये, आणि तेही बॅटरीत इंजेक्शन आणि पेट्रोल पंप चालण्याइतकी जान असेल तरच. दहा मिनिटं आयडलवर ठेवली की चार्ज झाली असं समजू नका. अर्ध्या बॅटरीला 17 अँपिअर-तास हवेत, 10 अँपिअरने गेले तरी दोन तास आणि शेवटचा भाग तर फारच हळू भरतो, म्हणून रात्री चार्जरवर लावणं बरं.

पाणी घालायची बॅटरी असेल तर होळीनंतर आणि लू सुरू झाल्यावर पातळी बघा, डिस्टिल्डच घाला, नळाचं किंवा आरओचं नाही, आणि अॅसिड तर कधीच नाही, उडतं ते पाणी. बदलायची वेळ आली तर सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीत साधी बॅटरी बसवू नका, कंपनीने दिली तसलीच, ईएफबी किंवा एजीएम (वारंवार चालू-बंद सोसणाऱ्या जातीची), घ्या. जुनी परत द्या, शिशाचे पैसे नवीच्या किमतीतून वजा होतात. आणि नवी घेताना तारीख बघा, दुकानात पडूनही ती डिस्चार्ज होते, मीटर लावायला सांगा, 12.4 च्या खाली दाखवत असेल तर दुसरी मागा.