केशवाहिनी आहे, पण वाहते का?

रक्त शरीरभर फिरून हृदयाकडे परत येतं, हे विल्यम हार्वेने १६२८ मध्ये मांडलं. पण धमनीतलं रक्त शिरेत पोचतं कुठून, ते त्याला हयातीत बघायला मिळालं नाही. १६६१ मध्ये मार्चेल्लो मालपिगीला बेडकाच्या फुफ्फुसात तो दुवा सूक्ष्मदर्शकाखाली सापडला: केशवाहिन्या.

केशवाहिनीची रुंदी ५ ते १० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि भिंत जेमतेम एका पेशीची. पॅथॉलॉजीच्या नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर रिकामी केशवाहिनी चपटी होऊन आसपासच्या पेशींत हरवून जाते. ती शोधायची तर एकतर तिच्या पोकळीत रंग भरायचा, नाहीतर भिंत रंगवायची.

कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोघने पहिली वाट धरली. जिवंत प्राण्याच्या रक्तात काळी शाई सोडून त्याने स्नायूतल्या शाई भरलेल्या केशवाहिन्या मोजल्या. विश्रांतीतल्या स्नायूत त्या थोड्याच दिसल्या, काम करणाऱ्या स्नायूत कितीतरी जास्त. केशवाहिन्यांच्या या उघडझापीच्या शोधाला १९२० चं नोबेल मिळालं.

आज बहुतेक लॅब भिंत रंगवतात. मेणात बसवलेल्या ऊतीचा चारेक मायक्रॉन जाडीचा काप स्लाइडवर घ्यायचा, मेण काढायचं आणि काप बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, चांगला तापवायचा. त्यासाठी काही ठिकाणी चक्क प्रेशर कुकर वापरतात! मग हायड्रोजन पेरॉक्साइड. ही पायरी गाळली तर शेवटच्या रंगाच्या पायरीला लाल रक्तपेशी आपणहून तपकिरी होतात आणि सगळा घोळ होतो. त्यानंतर वाहिनीच्या अस्तरावरच्या सीडी३१ या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी, आणि शेवटी तिची जागा दाखवणारा तपकिरी रंग. अर्थात सीडी३१ बिंबाणूंवर आणि काही रोगप्रतिकारक पेशींवरही असतं, त्यामुळे तपकिरी दिसलं की वाहिनी असं धरून चालत नाही.

मोजणी तर आणखी अवघड. वळणावळणाची एकच वाहिनी कापात तीनदा आली, तर मोजणारा तीन धरतो. कर्करोगाच्या गाठीत वाहिन्या सर्वांत दाट कुठे आहेत, यावरही दोन तज्ज्ञांचं एकमत होईलच असं नाही. हे आकडे वाचताना मी तरी हात राखूनच वाचतो.

शिवाय रंगलेल्या भिंतीवरून आत रक्त वाहत होतं का, ते कळत नाही. म्हणून उंदरांवरच्या प्रयोगांत दोन्ही वाटा एकत्र करतात. टोमॅटोपासून काढलेलं, अस्तराला चिकटणारं लेक्टिन नावाचं प्रथिन हिरवा चमकता रंग जोडून जिवंत उंदराच्या शेपटीच्या शिरेत टोचतात. नंतर कापावर सीडी३१ लाल रंगात उमटवतात. जिथे दोन्ही रंग, तिथपर्यंत रक्त पोचत होतं. नुसता लाल असेल तर वाहिनी आहे, पण टोचलेलं लेक्टिन तिथवर गेलेलं नाही. कर्करोगाच्या गाठीत अशा वाहिन्या असतात, आणि शिरेतून दिलेलं औषधही तिथे नीट पोचत नाही.